प्रसिद्ध जयराम पाहिजेत

मुलाचं नाव ठेवणं हे काम मी फार सोपं समजत होतो. शाळेत दरवर्षी पहिलीच्या वर्गात नवी मुलं येतात, ती आपापली नावं घरूनच घेऊन येतात, आणि ती ठेवताना कोणाच्या घरात किती भांडी आपटली असतील याचा विचार करण्याचं मास्तराला काही कारण नसतं. हल्ली मात्र मी हजेरी घेताना प्रत्येक नावापाशी आदराने थांबतो. मुलांना वाटतं, मास्तरांना अक्षर लागत नाही.

आमच्याकडे खरं तर नावाचा प्रश्न यायलाच नको होता. वडील आदल्या वर्षी गेले. त्यांचं नाव जयराम. आमच्या आचऱ्यात आजा गेला की पहिल्या नातवाला त्याचं नाव जातं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आईने तोंडाने काही म्हटलं नव्हतं. पण मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा ती आधी वडिलांच्या फोटोपाशी गेली आणि पदराने काच पुसत बराच वेळ उभी राहिली. काच स्वच्छच होती. तिला ते नाव घरात परत हवं होतं, आणि ते तिला मिळवून द्यायचं एवढंच मला करायचं होतं. यात अवघड ते काय?

अवघड लीला होती. लीला म्हणजे माझी पत्नी. ती खारेपाटणची, आणि मॅट्रिक पास. यातली दुसरी गोष्ट लग्न ठरवताना सगळ्यांनी कौतुकाने सांगितली होती.

"मुलाचं नाव अशोक," ती म्हणाली.

"जयराम," मी म्हणालो.

"बरं. मग जयराम नावाचा एक तरी मोठा माणूस दाखवा. अशोक म्हटलं की सम्राट डोळ्यांसमोर येतो. त्याचे सिंह नोटेवर आहेत, पोस्टाच्या तिकिटावर आहेत. शिवाय एक अशोक सिनेमात आहे. तुमच्या जयरामांचं काय कुठे आहे?"

"माझे वडील होते ना!"

"मामंजी चांगले होते. मी प्रसिद्ध विचारते आहे."

आता वडिलांची प्रसिद्धी उत्तरेला आचऱ्याच्या खाडीपर्यंत आणि दक्षिणेला फार तर तोंडवळीपर्यंत होती हे मलाही मान्य होतं. पण गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस. चरित्रांचं आख्खं कपाट माझ्या ताब्यात. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी चाव्यांचा जुडगा घेऊन निघालो. लीलापुढे डझनभर जयराम आणून उभे करीन असा माझा बेत होता.

कपाट उघडलं तेव्हा कळलं की वाळवीही वाचनाची शौकीन असते. तिने 'च'पासून सुरुवात करून 'झ'पर्यंत मजल मारली होती. 'अ' जिथल्या तिथे होता. सगळे अशोक ठणठणीत होते. मी कपाट बंद केलं आणि घरी येऊन "शोध चालू आहे" असं गंभीरपणे सांगितलं.

आमच्या शेजारी दाजी राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. सल्ला देण्यासाठी ते सकाळपासून दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर बसून असतात. मी तोंड पाडून येताना दिसलो की त्यांना दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

"गुरुदासा, तू जल्माचो पुस्तकी," ते म्हणाले. "माणूस काय पुस्तकात रवता? माणूस गावात रवता. पेपरात दी."

"पेपरात काय देऊ?"

"दी की, 'प्रसिद्ध जयराम पाहिजेत.' बघ कसे कळतत ते."

मला ती कल्पना आवडली. मालवणात तेव्हा एक साप्ताहिक निघत असे. मी शाळेतलं उत्तम मराठी वापरून मजकूर लिहिला: जयराम नावाच्या थोर, कर्तबगार व प्रसिद्ध व्यक्तींची माहिती तातडीने हवी आहे. पुढे मुदत कळावी म्हणून, मुलाचं बारसं अमुक तारखेला आमच्या राहत्या घरी असल्याने तत्पूर्वी कळवावे, असंही घातलं. बारसं खरं तर बाराव्या दिवशीच व्हायचं. पण भाऊबंदकीतले एक आजोबा, जे आम्ही जन्मात पाहिले नव्हते, नेमके तेव्हाच वारले आणि सुतक आलं. त्यामुळे बारसं लांबलं होतं आणि आमच्या घरातलं युद्धही.

मजकूर दाजींनी मोठ्याने वाचला आणि "झकास" म्हणाले. मीही वाचला. आईला वाचून दाखवला. त्यातली चूक आम्हा कोणाच्याच लक्षात आली नाही.

इतक्यात देवी टोचणारा आला. ओटीवर बसून त्याने वही उघडली आणि मुलाचं नाव विचारलं. मी बाहेरून सांगितलं, "जयराम." लीलाने आतून सांगितलं, "अशोक." त्याने दोन्ही लिहून घेतली, एका मुलाला टोचलं आणि दुसऱ्याची वाट पाहत बसला.

"दुसरा मुलगा नाही," मी म्हणालो.

"मास्तर, नावं दोन आहेत."

"मुलगा एकच आहे. नावाबद्दल मतभेद आहे."

"मतभेदाचा रकाना नाही," तो म्हणाला. सरकारी माणसं रागावली की शुद्ध बोलतात. मी त्याला अशोक खोडायला सांगितलं. लीला दारात येऊन उभी राहिली आणि जयराम खोडा म्हणाली. तो बिचारा दोघांकडे पाहून काहीच न खोडता निघून गेला. पुढच्या आठवड्यात पंचायतीच्या कारकुनाने मला बाजारात गाठलं. "आपला अशोक टोचायचा राहिला आहे, मास्तर. शिक्षक असून आपणच मूल लपवता?" हे तो माशांच्या बाजारात बोलला, सगळ्यांसमोर. एका कोळणीने बांगडे मोजता मोजता माझ्याकडे असं पाहिलं, की मी बांगडे न घेता घरी आलो. आजही सरकार-दरबारी आमच्याकडे एक न टोचलेला अशोक आहे.

पेपर आला. माझा मजकूर पहिल्या पानावर, चौकटीत. मी तो लीलाच्या नजरेस पडेल असा फडताळावर ठेवला. मग माहितीची वाट पाहू लागलो. टपालाने काही आलं नाही. दाजी म्हणाले, येतील. मी म्हणालो, केव्हा? बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरापुढच्या खळ्यात मांडवाच्या मेढी ठोकत होतो, तेव्हा माहिती चालत आली.

उंच, आडवा, कानांत सोन्याच्या बाळ्या. त्याने हातातली बोचकी ओटीवर ठेवली आणि असा खाकरला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"बारसा हयच ना? मी जयराम. चिंदराक रवतंय."

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे एखाद्याला 'अमक्या दिवशी माझ्याकडे बारसं आहे' एवढं सांगितलं की ते आमंत्रण झालं. 'या' म्हणावं लागत नाही. उलट त्यानंतर जो येणार नाही त्याने आपला अपमान केला, असं दोन्हीकडचे लोक धरतात. मी ते चौकटीत छापून उभ्या तालुक्याला सांगितलं होतं.

हा चिंदरचा जयराम दशावतारातला नट. दरसाल राक्षस करतो. "माका माराक देवांका घाम फुटता," तो लीलाला सांगू लागला. "मी मराक लागलंय की बायलोमाणसा रडतत. एका जत्रेत तर म्हाताऱ्यांनी देवाकच शिव्यो दिल्यानी, आमच्या जयरामाक मारू नको म्हणान."

त्याचा चहा होतो न होतो तोच मसुऱ्याचे जयरामपंत आले. टोपी, उपरणं, छत्री. मागच्या निवडणुकीत ते उभे होते. "मी पडलो," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "पण असा पडलो, की तालुक्यात अजून चर्चा आहे." ते बसताना दोन्ही बाजूंना नमस्कार करून बसले. एका बाजूला फक्त पाट्याचा दगड होता.

दिवेलागणीच्या आधी तिसरे आले. हे जयराम म्हणजे आमच्या भागात पहिली सर्व्हिस मोटार घेऊन येणारे ड्रायव्हर. लोकांनी मोटारीला एवढे हार घातले होते की यांना समोरचं दिसेना. त्यांनी मान राखून हार काही बाजूला केले नाहीत, आणि मोटार स्वागताच्या मंडळींसकट भाताच्या कुणग्यात नेऊन ठेवली. "कोणाक खरचाटला पण नाय," ते अभिमानाने म्हणाले. "मऊ चिखल होतो."

आईने सगळ्यांना पानं वाढली. तिची मात्र पंचाईत झाली. कोणाला भात हवा, कोणाला आमटी, आणि विचारायचं झालं तर तिघांचं नाव तेच, जे ती घेत नाही. "चिंदराकडल्यांका वाढ गो," "छत्रीवाल्यांका इचार," "मोटारीवाल्यांची कढी सरली," असं ती चुलीपासून लीलाला सांगत होती.

जेवणं झाल्यावर लीला मला माडाखाली बोलावून म्हणाली, "एक रोज मरतो, एक पडतो आणि एक पाडतो. यातलं कोण व्हायचं माझ्या मुलानं?"

  मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"तुम्हाला खरंच कळत नाही का हो? मला सम्राटाचं काय करायचं आहे? जयराम हे माझ्या सासऱ्यांचं नाव. मी ते घ्यायचं नाही. म्हणजे पोटच्या मुलाला मी नावाने हाक मारायची नाही. आईंचं बघते ना मी. नवऱ्याच्या नावात राम, म्हणून त्या गावच्या रामेश्वरालासुद्धा 'आमचो देव' म्हणतात."

"बाबा म्हण की. सगळे तसंच करतात."

"म्हणूनच घराघरात बाबा, भाऊ नि आप्पा झालेत. नाव पाळण्यात राहतं आणि मुलगा भलत्याच नावाने मोठा होतो. मला माझ्या मुलाचं नाव तोंडात यायला हवं." तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. पण ओटीवर फोटोची काच पुसणारी आईही मला दिसत होती. एकीला नाव हवं होतं आणि एकीला ते घेता यायला हवं होतं. मी मास्तर, पण हे गणित मला सुटेना. मी लीलाला म्हणालो, "उद्या बघू." असं म्हटलं की उद्यापर्यंत सुटका होते.

उद्या उजाडला. मांडव भरला. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, घुगऱ्या, सगळं तयार. पाळण्याला अबोलीचे वळेसर. भटजींनी मुहूर्त दुपारच्या आतला दिला होता. नाव सांगायचं ते आत्येने, म्हणजे माझ्या बहिणीने, सुभद्राने. ती जामसंड्यास दिलेली. बाळलेणी घेऊन ती खाडीपलीकडे मुणग्यापर्यंत आली, तरीच्या होडीत बसली, आणि खाडीला ओहोटी लागली. होडी मधोमध गाळात रुतून बसली. आमच्या मागच्या परड्यातून सुभद्रा स्पष्ट दिसत होती, डोक्यावर छत्री धरून ताठ बसलेली. ड्रायव्हर जयराम तिला आणायला निघाले. "चिखलाची माका सवय आसा," म्हणाले आणि ढोपरभर रुतून परत आले.

"तिका थयसूनच कुर्र कर म्हणान सांगा," दाजी म्हणाले. "वारो हेच बाजूक आसा."

भटजींनी आभाळाकडे पाहिलं. "मास्तर, दुसरी कोणी बाई बघा. मुहूर्त टळतोय."

मी काशीकाकूकडे पाहिलं. काकू माझ्या चुलत्याची बायको, घरातली सगळ्यात वडील सवाष्ण. तिने कानांवर हात ठेवले. "ते माझे थोरले दीर. मी नाव घेतलंय तर जीभ झडात माझी." तिच्यामागे तिच्या सुना होत्या. त्यांचे ते चुलत सासरे. त्यांनी माना खाली घातल्या. त्या मांडवात बायका होत्या पुष्कळ, पण सगळ्या या घरात दिलेल्या. जयराम म्हणू शकेल अशी एक नव्हती. माझी फजिती पाहायला तीन प्रसिद्ध जयराम मात्र रांगेत बसले होते. जयरामपंतांनी हात वर करून मतदान घ्यावं असं सुचवलं.

मी दाजींच्या लक्ष्मीकाकींकडे धावलो. "काकी, तुम्ही आमच्या घरातल्या नाही. तुम्हाला काही अडचण नाही. पाळण्यापाशी चला."

काकींनी पदर तोंडावर घेतला. "माका नाय जमाचा."

"पण का?"

"अरे मेल्या, आमच्या ह्यांचा नाव काय?"

"दाजी."

"दाजी काय नाव आसता कोणाचा?"

मी दाजींकडे वळून पाहिलं. ते खाली बघून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. जन्मापासून मी त्यांना दाजी म्हणत आलो. त्यांना दुसरं नाव असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"दाजी, तुम्ही जयराम? मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू प्रसिद्ध इचारलंस, गुरुदासा," ते म्हणाले. "मी खंय प्रसिद्ध?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा तालुका धुंडाळला आणि गडग्यावरचा माणूस मला दिसला नाही. पण ओशाळायलाही सवड नव्हती, कारण तेवढ्यात लीलाने पाळण्यातून मूल उचललं आणि ती स्वयंपाकघराकडे चालू लागली.

आई तिथे सांबाऱ्याच्या टोपापाशी बसली होती. विधवेने बारशाच्या पाळण्याजवळ यायचं नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते कोणी कोणाला सांगत नाही. लीलाने मूल तिच्या मांडीवर ठेवलं.

"आई, याच्या कानात नाव तुम्ही सांगा."

"मी? गो, तुका खुळ लागला काय? मी कशी..."

"तुम्ही घेतलंत तर मीही घेईन. रोज घेईन, मोठ्याने घेईन. तुमच्या तोंडातून ते निघणारच नसेल, तर हा अशोक."

काशीकाकू दारातच उभी होती. "वयनी, उठा नको! कपाळ बघा आपला! शुभकार्यात असा कोण करता?" सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. आईचा चेहरा पडला. ती मूल परत द्यायला निघाली, आणि मला भयंकर राग आला. पण माझा राग असा की तो आला की माझा आवाज जातो.

आवाज आला तो ओटीवरून. चिंदरचा जयराम उठून उभा राहिला होता. हात जोडून, डोळे मिटून, तालुक्यातल्या जत्रा गाजवणाऱ्या आवाजात त्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात ह्या लेकराचा नाव ठेवूचा आसा रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं सुरू झालं की मालवणी माणसाचा इलाज चालत नाही. सगळे हात जोडले गेले. "होय म्हाराजा!"

"आत्या खाडीत अडाकली, मुहूर्त सरत इलो. जा नाव ज्या तोंडात इतकी वर्सा अडाकला, त्याच तोंडातसून ता आज भायर येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाच्या मनात काय वाकडा असात, ता सरळ कर, आणि आजयेचा तोंड गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

यात सगळ्यात मोठा आवाज काशीकाकूचा होता. सवयच ती. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि ती भांबावून इकडे तिकडे पाहू लागली. पण देवासमोर होय म्हटलेलं परत घेता येत नाही. ती बाजूला सरली आणि तिने वाट दिली.

लीलाने आईला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं. आई वाकली. तिचे ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली.

"जयराम," ती म्हणाली.

 आईच्या आवाजात ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि माझ्या वडिलांनीही ऐकलं नव्हतं.  आईने कुर्र केलं, परत म्हणाली, "जयराम," आणि तिसऱ्यांदा म्हणताना ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"बरा नाव आसा गो," ती लीलाला म्हणाली. "माका ठावकच नव्हता."

मग तिने लीलाला पुढे ओढलं. "आता तू म्हण. तुझो मामंजी काय खातलो तुका?"

लीलाने म्हटलं. पहिल्यांदा पुटपुटत, मग नीट. सुभद्रा भरतीच्या पाण्याबरोबर तिन्हीसांजेला पोचली आणि आपला मान गेला म्हणून रुसून बसली. तिची समजूत काढण्यात पाहुण्यांच्या गाड्या आणि होड्या सगळ्याच चुकल्या. साहजिकच तिन्ही जयराम आमच्या ओटीवर मुक्कामाला राहिले. दाजींनाही मी जेवायला धरून आणलं आणि पहिल्या पाटावर बसवलं. ते फार संकोचले. जयरामपंतांनी त्यांना आपल्या शेजारची जागा दिली आणि पुढच्या निवडणुकीत सूचक व्हाल का म्हणून विचारलं.

सकाळी मी दात घासत विहिरीवर उभा होतो. मूल जागं झालं. लीला आंघोळीचं तेल गरम करत होती. तिथूनच तिने, कोणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, अगदी सहज, खणखणीत हाक मारली, "जयरामा! आले हं, जयरामा!"

"ओ!" ओटीवरून तिघे एकदम म्हणाले. गडग्यापलीकडून दाजीही म्हणाले, "ओ!"

आणि आतून, चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईचा आवाज आला, "तुमका न्हय रे मेल्यांनो! आमच्या जयरामाक!"